क्वीन बँड आणि चौघांचं सोलो काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वाईची. लहानपणी पसरणीचा घाट चढून पाचगणीला कितीतरी वेळा गेले, टेबल लँडवर घोड्यावर बसले, कणीस खाल्लं, आणि त्याच गावातल्या एका बोर्डिंग शाळेत इंग्लंडच्या क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला हे मला कळलं थेट कॉलेजला गेल्यावर. तेव्हापासून क्वीन सुटलेला नाही. आता घरातली भाचरं, ऑफिसातली मंडळी, क्वीनवरचा बोहेमियन रॅप्सडी सिनेमा बघून आलेले मित्र, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

बँड सुरू कधी झाला आणि कोणी केला?

फ्रेडीने केला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मूळ बँड त्याचा नव्हताच. १९६८ मध्ये लंडनला ब्रायन मे (गिटार), रॉजर टेलर (ड्रम) आणि टिम स्टाफेल (बास गिटार आणि गाणं) या तिघांचा स्माइल नावाचा बँड होता. ब्रायन इंपिरियल कॉलेजला फिजिक्स शिकत होता, रॉजर दातांचा डॉक्टर व्हायला लंडनला आलेला. टिम आणि फ्रेडी ईलिंगच्या आर्ट कॉलेजात एकत्र, त्यामुळे फ्रेडी या पोरांच्या मागे मागे असायचा, स्टेजवर असं करा, कपडे तसे घाला म्हणून सल्ले द्यायचा. १९७० मध्ये टिम बाहेर पडला आणि फ्रेडी आत आला. क्वीन हे नाव त्यानेच सुचवलं, बाकीच्यांना ते फारसं पटलं नव्हतं पण तो हटला नाही. त्याच सुमारास त्याने बुलसारा आडनाव सोडून मर्क्युरी घेतलं.

बासवाला मात्र टिकेना. तीन जण आले आणि गेले, मग १९७१ मध्ये जॉन डीकन आला, इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, वय १९, अतिशय शांत. हे चौघं जमले ते फ्रेडी जाईपर्यंत वीस वर्षं तसेच राहिले, एकही माणूस बदलला नाही. रॉक बँडमध्ये हे फार दुर्मिळ आहे.

तो मुकुट, सिंह वगैरे असलेला लोगो कोणाचा?

फ्रेडीचाच. ग्राफिक डिझाइन शिकलेला होता. चौघांच्या राशी घेतल्यात त्याने: दोन सिंह म्हणजे रॉजर आणि जॉन, खेकडा म्हणजे ब्रायन (कर्क रास), आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या, ती त्याची स्वतःची. वर फिनिक्स पक्षी.

फ्रेडी पाचगणीत शिकला हे खरं आहे का?

शंभर टक्के खरं. फारुख बुलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आईवडील, जेर आणि बोमी, पारशी, मूळचे बुलसारचे म्हणजे आजच्या वलसाडचे, आडनावही त्यावरूनच. वडील तिकडे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. १९५५ मध्ये, आठ वर्षांचा असताना, त्याला बोटीने भारतात पाठवलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं. नातेवाईक मुंबईला होते, त्यामुळे सुट्टीत मुंबई. फ्रेडी हे नाव त्याला शाळेतच पडलं. पियानो तिथेच शिकला, टेबल टेनिस आणि बॉक्सिंग तिथेच खेळला, आणि बारा वर्षांचा असताना हेक्टिक्स नावाचा पहिला बँडही तिथेच काढला, त्यात तो गात नव्हता बरं का, पियानो वाजवायचा. १९६३ ला तो झांझिबारला परत गेला, पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली, आणि सगळं कुटुंब जीव वाचवून लंडनजवळच्या फेल्टमला आलं.

आठ वर्षांचं पोरगं, आईवडील समुद्रापलीकडे, आणि पाचगणीचा तो पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुकं इतकं असतं की समोरचं झाड दिसत नाही, भिंतींना ओल, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. मी पावसात तिथे जाते तेव्हा हटकून त्याचीच आठवण येते.

आणखी एक, त्याचे ते पुढे आलेले दात. तोंडात वरच्या बाजूला चार दात जास्तीचे होते. पैसे आल्यावरही त्याने ते काढले नाहीत, आवाजावर परिणाम होईल अशी त्याला भीती होती.

ब्रायनने गिटार घरी बनवली म्हणजे नक्की काय केलं?

हा माझा सगळ्यात आवडता विषय. १९६३ मध्ये ब्रायन सोळा वर्षांचा होता, चांगली इलेक्ट्रिक गिटार घेण्याइतके पैसे घरात नव्हते, पण वडील हॅरोल्ड हे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते आणि घरात अवजारं होती. बापलेकांनी मिळून दोन वर्षं खपून गिटार केली. गिटारचा दांडा केला तो जुन्या फायरप्लेसच्या मॅहॉगनी लाकडातून, त्याला किडीची भोकं पडलेली होती ती काडेपेटीच्या काड्या घालून बुजवली. दांड्यावरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. सूर थरथरवायची जी दांडी असते तिच्यासाठी जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, सायकलच्या सामानातला लोखंडी तुकडा आणि टोकाला विणायच्या सुईचा तुकडा. हीच ती रेड स्पेशल, क्वीनच्या जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डवर हीच वाजली आहे आणि आजही तो हीच वाजवतो, प्लॅस्टिकच्या पिकऐवजी जुन्या सहा पेन्सच्या नाण्याने.

जॉनचंही असंच. १९७२ च्या आसपास त्याला रस्त्यावरच्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये एक सर्किट बोर्ड सापडला, तो त्याने घरी आणला, जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि बॅटरीवर चालणारा छोटासा ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र) केला. ब्रायनने रेड स्पेशल त्याला जोडून बघितली तर आवाज व्हायोलिन, तुतारी असल्यासारखा यायला लागला. गुड कंपनी नावाच्या गाण्यात अख्खा जॅझ बँड वाजतोय असं वाटतं ना, तो सगळा हा कचऱ्यातला ॲम्प आणि घरची गिटार आहे. १९७० च्या दशकातल्या रेकॉर्डच्या कव्हरवर ते अभिमानाने छापायचे की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. तो पहिल्यांदा आला १९८० च्या द गेम अल्बमला.

बोहेमियन रॅप्सडीत एवढं विशेष काय?

गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं, कोरस नाही, मध्येच ऑपेरा, मग हेवी रॉक, मग परत शांत. १९७५ मध्ये कंपनीचं म्हणणं होतं की एवढं लांब गाणं रेडिओवाले लावणारच नाहीत. फ्रेडीचा मित्र केनी एव्हरेट हा रेडिओवर होता, त्याने एका वीकएंडला ते चौदा वेळा लावलं आणि सोमवारी लोक दुकानात मागायला लागले, रेकॉर्ड अजून बाजारात आलेलीच नव्हती. ३१ ऑक्टोबरला आली, इंग्लंडमध्ये नऊ आठवडे एक नंबर.

ऑपेराचा भाग फक्त तिघांनी गायलाय: फ्रेडी, ब्रायन, रॉजर. एकावर एक थर चढवत दिवसाला दहा दहा तास गायले, तेवढ्यांदा फिरून फिरून टेप इतकी झिजली की उजेडात धरली तर आरपार दिसायला लागलं. सगळ्यात वरचा तो टोकाचा सूर रॉजरचा आहे, फ्रेडीचा नाही. हे सांगितलं की लोक हमखास वाद घालतात.

माझ्याकडे कॉलेजात एक वॉकमन होता आणि त्याच्या हेडफोनची डावी बाजू बंद होती. वर्षभर मी हे गाणं तसंच ऐकलं. मग पुण्यात मावसभावाकडे चांगल्या स्पीकरवर लागलं आणि मी थक्कच झाले, कारण ते गॅलिलिओ गॅलिलिओ एकदा उजवीकडून येतं आणि एकदा डावीकडून, म्हणजे एक हाक मारतो आणि दुसरा उत्तर देतो, आणि मी वर्षभर अर्धाच संवाद ऐकत होते. हे गाणं मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, हात जोडून सांगते.

गाणी सगळी फ्रेडीच लिहायचा ना?

नाही! आणि या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. चौघंही लिहायचे आणि चौघांनीही मोठी हिट गाणी दिली. बोहेमियन रॅप्सडी, किलर क्वीन, समबडी टू लव्ह, वी आर द चॅम्पियन्स फ्रेडीची. वी विल रॉक यू, आय वाँट इट ऑल, द शो मस्ट गो ऑनचा गाभा ब्रायनचा. रेडिओ गा गा आणि अ काइंड ऑफ मॅजिक रॉजरची. आणि जो माणूस मुलाखतीत तोंड उघडत नाही त्या जॉनची अनदर वन बाइट्स द डस्ट (१९८० ला अमेरिकेत एक नंबर) आणि आय वाँट टू ब्रेक फ्री.

यावरून भांडणंही जबरदस्त व्हायची, कारण पैसे लिहिणाऱ्याला मिळायचे. बोहेमियन रॅप्सडीच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला रॉजरचं गाणं होतं, रेकॉर्ड विकली गेली एका गाण्यामुळे पण मागच्या गाण्याचा पैसाही तेवढाच, हे बरीच वर्षं धुमसत होतं. शेवटी १९८९ च्या द मिरॅकल पासून ठरलं की कोणीही लिहो, नाव क्वीनचं, पैसे चौघांत सारखे. तोपर्यंत फ्रेडीचा आजार (एड्स) घरात शिरलेला होता आणि चौघं एकमेकांच्या जास्त जवळ आले होते.

अमेरिकेत मध्येच कमी का झाले?

दोन कारणं मुख्य. १९८२ चा हॉट स्पेस अल्बम डिस्को आणि फंकच्या अंगाने गेला, रॉकवाल्यांना तो आवडला नाही (त्यातलं डेव्हिड बोवीबरोबरचं अंडर प्रेशर सोडून). आणि १९८४ ला आय वाँट टू ब्रेक फ्रीच्या व्हिडिओत चौघांनी बायकांचे कपडे घातले, फ्रेडी मिशीसकट व्हॅक्युम क्लीनर फिरवतोय. इंग्लंडमध्ये लोकांना मजा आली कारण तिथल्या घरोघरी बघितल्या जाणाऱ्या मालिकेची ती नक्कल होती, अमेरिकेत मात्र ते पचलं नाही. फ्रेडी असताना क्वीनने १९८२ नंतर अमेरिकेत दौरा केलाच नाही. पण दक्षिण अमेरिका, जपान, युरोप इथे गर्दी हटली नाही, १९८१ ला साओ पावलोत एका रात्री १ लाख ३१ हजार लोक होते.

सन सिटीचं प्रकरण काय होतं?

१९८४ च्या ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला वाजवायला गेले. तेव्हा तिथे वर्णभेदी राजवट होती आणि कलाकारांनी तिथे जाऊ नये असा बहिष्कार होता. इंग्लंडच्या संगीतकारांच्या युनियनने त्यांना दंड केला, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत नाव गेलं. आम्ही राजकारण करत नाही, लोकांसाठी वाजवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. माझं या बँडवर जिवापाड प्रेम आहे तरी ही चूक होती, आणि मोठी होती.

लाइव्ह एड एवढं गाजलं कसं?

इथिओपियातल्या दुष्काळासाठी पैसे गोळा करायचा मोठा कार्यक्रम: १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, ७२ हजार माणसं आणि जगभर टीव्ही. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं. बाकीचे आले आणि वाजवलं, क्वीनने मात्र त्याआधी लंडनच्या एका थिएटरमध्ये घड्याळ लावून तालीम केली, गाणी कापून छाटून सहा बसवली, नवं गाणं विकायचा प्रयत्न नाही, फक्त लोकांना येणारी. रेडिओ गा गाला दोन टाळ्यांसाठी अख्ख्या स्टेडियमचे हात एकदम वर जातात ते बघा, दिवसाउजेडी, लाइटचा खेळ नाही काही नाही, शेवटच्या रांगेपर्यंत सगळे एका तालात. आणि मध्ये फ्रेडी नुसता आवाज लावून लोकांकडून म्हणून घेतो, गुरुजी पाठांतर करून घेतात तसं, आणि लोक म्हणतात.

सोलो अल्बम पहिल्यांदा कोणी केला? फ्रेडीनेच ना?

सिनेमाने हा गैरसमज पक्का केलाय. पहिला रॉजर, १९८१, फन इन स्पेस. मग १९८३ ला ब्रायन, स्टार फ्लीट प्रोजेक्ट, त्यात गिटारवादक एडी व्हॅन हेलन बरोबर होता. फ्रेडीचा मिस्टर बॅड गाय आला एप्रिल १९८५ मध्ये, तिसरा. शिवाय बँड तेव्हा फुटलेलाच नव्हता, जानेवारी १९८५ ला ते रॉक इन रिओला वाजवत होते. सिनेमात लाइव्ह एडच्या आधी फ्रेडी आजाराबद्दल सांगतो ते दृश्यही तसं घडलेलं नाही, निदान झालं १९८७ मध्ये. रॅमी मालेकने फ्रेडीचं काम सुंदर केलंय, ऑस्कर त्याला योग्यच मिळालं, पण इतिहास म्हणून तो सिनेमा बघू नका.

फ्रेडीचं सोलो काम कसं आहे?

मिस्टर बॅड गाय म्युनिकला केलेला, डान्सच्या अंगाचा, आणि अर्पणपत्रिका त्याच्या मांजरांना. गाणी चांगली आहेत पण ऐकताना सारखं वाटतं की इथे ब्रायनची गिटार हवी होती, इथे कोणीतरी त्याला नाही म्हणायला हवं होतं. त्यातलंच लिव्हिंग ऑन माय ओन त्याच्या मृत्यूनंतर १९९३ ला रिमिक्स होऊन इंग्लंडमध्ये एक नंबर झालं.

पण बार्सिलोना! फ्रेडीने १९८३ ला लंडनच्या ऑपेरा हाउसमध्ये मोन्सेरात काबायेचं गाणं ऐकलं आणि भारावून गेला. पुढे स्पॅनिश टीव्हीवर तो बोलून गेला की मला ही बाई फार आवडते. १९८७ ला बार्सिलोनाच्या एका हॉटेलात भेट झाली, आणि संगीतकार माइक मोरानला बरोबर घेऊन त्याने अख्खा अल्बम केला, १९८८. रॉक स्टार आणि ऑपेराची गायिका, हे तेव्हा कोणी करत नव्हतं. आजारी असताना केलंय हे, आणि आवाज बघा कुठे जातो. ८ ऑक्टोबर १९८८ ला बार्सिलोनात तिच्याबरोबर तो स्टेजवर आला, ते त्याचं स्टेजवरचं शेवटचं सादरीकरण. १९९२ च्या ऑलिंपिकला हे गाणं जगभर वाजलं तेव्हा तो नव्हता.

आणि ब्रायन?

बॅक टू द लाइट (१९९२) ऐकाच. वडील गेले, लग्न मोडलं, फ्रेडी गेला, सगळं जवळपास एकाच काळात, आणि ते सगळं त्यात आहे. ड्रिव्हन बाय यू हे गाणं मुळात गाडीच्या जाहिरातीसाठी होतं. दुसरा, अनदर वर्ल्ड, १९९८ चा, त्याचा ड्रमर कोझी पॉवेल अल्बम येण्याच्या थोडंसंच आधी अपघातात गेला.

शिवाय पीएचडी. सूर्यमालेतल्या धुळीवर चाललेलं संशोधन त्याने १९७४ ला बँडसाठी अर्धवट सोडलं होतं, ते २००७ ला, साठी गाठल्यावर, पुरं केलं, त्याच इंपिरियल कॉलेजात. २०२३ ला सर झाला.

रॉजर?

सोलोमध्ये सगळ्यात जास्त अल्बम याचेच. स्ट्रेंज फ्रंटियर, हॅपिनेस, इलेक्ट्रिक फायर, फन ऑन अर्थ, आणि २०२१ चा आउटसायडर. १९८७ ला त्याने द क्रॉस नावाचा वेगळाच बँड काढला, त्यात ड्रम सोडून गिटार घेतली आणि स्वतः गायला, तीन अल्बम काढले, पण क्वीनची गर्दी काही तिकडे आली नाही. जपानचा संगीतकार योशिकी याच्याबरोबरचं फॉरेन सँड मला फार आवडतं.

जॉन डीकन कुठे गेला?

त्याने सोलो अल्बम केलाच नाही. १९८६ ला इमॉर्टल्स नावाने एका सिनेमासाठी एक गाणं केलं, बस. फ्रेडी गेल्यावर त्याचं मन उडालं. जानेवारी १९९७ ला पॅरिसमध्ये एका बॅलेच्या कार्यक्रमात एल्टन जॉनबरोबर तो शेवटचा वाजला, त्याच वर्षी नो वन बट यू रेकॉर्ड केलं, आणि निवृत्त झाला. २००१ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सत्कारालाही आला नाही. लंडनमध्ये बायकामुलांबरोबर शांतपणे राहतो. लोक विचारतात परत का येत नाही. त्याला नको आहे, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

फ्रेडी गेला तेव्हा नक्की काय झालं?

शेवटची दोन तीन वर्षं तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला, तळ्याकाठच्या स्टुडिओत, जमेल तेवढं गात होता. मला शब्द द्या, मी गातो, बाकीचं तुम्ही नंतर करा, असं चाललेलं. मदर लव्ह हे शेवटचं, मे १९९१. शेवटचं कडवं राहिलं, थोडी विश्रांती घेऊन येतो म्हणाला, ते राहूनच गेलं, रेकॉर्डवर तिथे ब्रायनचा आवाज आहे. २३ नोव्हेंबर १९९१ ला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी गेला, वय ४५. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी प्रार्थना म्हणून केले. पुढच्या एप्रिलला वेम्बलीत मोठा कार्यक्रम झाला, त्यातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला, तो आजही एड्ससाठी काम करतो. उरलेली गाणी १९९५ ला मेड इन हेवनमध्ये आली.

आत्ताचा क्वीन हा क्वीन आहे का?

ब्रायन आणि रॉजर आधी गायक पॉल रॉजर्सबरोबर (२००४ ते २००९) आणि मग गायक ॲडम लँबर्टबरोबर वाजवत आलेत. नाव बघा, क्वीन प्लस अमुक असं लिहितात, म्हणजे जागा भरलीय असा दावाच नाही. ॲडम नक्कल करत नाही, स्वतःसारखा गातो, म्हणून मला तो आवडतो.

क्वीन भारतात कधी वाजले का?

फ्रेडीसकट कधीच नाही. पाचगणी सोडल्यावर भारताबद्दल तो जाहीरपणे फार बोललाही नाही. शाळा अजून चालू आहे, पण ती मुलांची बोर्डिंग शाळा आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही, गेटवर जाऊन वॉचमनशी हुज्जत घालू नका.

सुरुवात कुठून करू?

ग्रेटेस्ट हिट्स (१९८१) सगळ्यांकडे असतोच, इंग्लंडमध्ये याच्याइतका दुसरा कुठलाही अल्बम विकला गेलेला नाही. तो झाला की अ नाइट ॲट द ऑपेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये गाणी न पळवता. मग शीअर हार्ट अटॅक, मग इन्युएंडो. नंतर बार्सिलोना आणि बॅक टू द लाइट एका आठवड्यात ऐका. मेड इन हेवन सगळ्यात शेवटी, रात्री, आणि हेडफोनच्या दोन्ही बाजू चालू आहेत ना ते आधी बघून घ्या.